गारेचे दप्तर

फाल्गुन लागला, हरभऱ्याचे घाटे वाळून खुळखुळू लागले आणि शाळूच्या ताटांची खालची पाने पिवळी पडून वाऱ्यावर वाजू लागली, म्हणजे लोह्याच्या माळावरचा शेतकरी जमिनीकडे कमी आणि आभाळाकडे अधिक पाहू लागतो. नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता गोदावरीचे खोरे सोडून बालाघाटाच्या रांगांवर जिथे चढतो, तिथला हा मुलूख. कुठे कमरेइतकी खोल काळी, तर कुठे नांगराच्या फाळाला खडक लागावा अशी बरड जमीन. मार्गशीर्षात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते तेव्हाची थंडी माघाअखेर सरते, ऊन चढू लागते, आणि मग एखाद्या दिवशी वारा अकस्मात पडतो, दुपारभर जिवाची तलखी होते, आणि दिवस कलताना क्षितिजावर असा एक ढग उभा राहतो की ज्याचा माथा कापसासारखा शुभ्र असतो आणि पोटात मात्र काळ्या रंगात तांबूस-हिरवट झाक मिसळलेली असते. तो दिसला की खळ्यावरची माणसे हातातले काम टाकून नुसती उभी राहतात. पावसाच्या ढगाकडे पाहणारी नजर निराळी आणि या ढगाकडे पाहणारी नजर निराळी.

अशाच एका संध्याकाळी, मी सात-आठ वर्षांचा असताना, आमच्या पत्र्यावर प्रथम दोन-चार खडे टाकल्यासारखा आवाज झाला आणि पुढची दहा-बारा मिनिटे घरातल्या माणसाला घरातल्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. आवाज थांबला तेव्हा अंगण पांढरे झाले होते, कडुलिंबाखाली पानांचा आणि पाखरांचा खच पडला होता, आणि गोठ्यातली जनावरे दावणीला ताण देऊन थरथरत उभी होती. आम्ही मुले पातेली घेऊन गारा वेचायला धावलो. आजोबा मात्र ओसरीवरून सावकाश उतरले, त्यांनी लिंबाएवढी एक गार उचलली, पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला, आणि सुपारी कातरावी तशी ती मधोमध कातरून माझ्यापुढे धरली. तिच्या गाभ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा दुधी ठिपका होता. त्याभोवती काचेसारखे निर्मळ कडे. त्याबाहेर पुन्हा दुधी, पुन्हा निर्मळ, आणि सर्वांत बाहेर खडबडीत पांढरी साल. "बघ, कांद्यावानी पापुद्रे हायेत," एवढेच ते म्हणाले. गारेचे पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत उतरत होते, आणि त्यांची दृष्टी केव्हाच कुंपणापलीकडे, जिथे दुपारपर्यंत आमचा गहू उभा होता तिकडे गेली होती.

त्या पापुद्र्यांत काय लिहिलेले असते हे मला फार उशिरा, पुस्तकांतून उमगले. आपल्याकडे गारपिटीचा मोसम माघापासून वैशाखापर्यंतचा, याचे कारण एकमेकांशी सर्वस्वी न जुळणाऱ्या हवांची गाठ याच महिन्यांत या पठारावर पडते: बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा एकीकडून, आणि भूमध्य समुद्राच्या बाजूने उत्तर हिंदुस्थानावर येणाऱ्या पश्चिमी झंझावातांच्या मागोमाग दक्षिणेकडे उतरणारी थंड, कोरडी हवा दुसरीकडून, आणि या दोहोंच्या खाली तापत चाललेली काळी जमीन. तापलेली दमट हवा वर उसळते. साधारण चार-साडेचार किलोमीटर उंचीवर तिला शून्य अंशाची सीमा लागते, परंतु ढग तिथे थांबत नाही. तो दहा-बारा किलोमीटरपर्यंत आणि प्रसंगी त्याहूनही वर चढतो, आणि त्याच्या पोटात शून्याखाली उतरूनही न गोठलेले असंख्य सूक्ष्म थेंब, गोठण्यासाठी नुसत्या एका स्पर्शाची वाट पाहत, तरंगत असतात. बर्फाचा एखादा कण त्यांच्यात शिरला की ते त्याला चिकटून गोठतात. जिथे थंडी कडक आणि पाणी बेताचे, तिथे थेंब क्षणात गोठतो आणि त्याच्याबरोबर हवेचे बुडबुडेही कोंडले जातात. तो पापुद्रा दुधी होतो. जिथे पाणी विपुल, तिथे गोठताना सुटणारी उष्णता लवकर निघून जात नाही, पाणी गारेच्या अंगावर पसरते, सावकाश थिजते, हवेला निसटायला अवसर मिळतो. तो पापुद्रा काचेसारखा निर्मळ होतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे गारेची वरून खाली आणि खालून वर अशी एक खेप, असे पूर्वी मानीत. एकाच चढणीत ढगाच्या निरनिराळ्या भागांतून जातानाही असे थर चढतात, हे आता कळले आहे. आणि हा सारा भार अधांतरी तोलून धरतो तो ढगातला वर चढणारा वारा. लिंबाएवढी गार खाली येते ती ताशी साठेक किलोमीटरच्या वेगाने; अर्थात तिला वर धरून ठेवणारा वाराही तितकाच बळकट असला पाहिजे. वारा थकला किंवा गार त्याला जड झाली, की ती पडते. आजोबांच्या तळहातावर वितळणाऱ्या त्या अर्ध्या गारेत त्या दिवशीच्या आभाळाची सारी जमाबंदी होती, आणि ती वाचायला आम्हांला पाव घटकेचीही सवड नव्हती.

बर्फावर थर चढावेत आणि त्या थरांत वाऱ्याचा व तापमानाचा हिशेब उतरावा, हा निसर्गाचा कायदा लोह्याच्या आभाळात जसा चालतो तसाच ध्रुवप्रदेशाच्या भूमीवरही चालतो. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात हिम पडते ते फार थोडे. काही ठिकाणी वर्षभराचे हिम वितळवले तर तीन सेंटिमीटरही पाणी भरणार नाही, म्हणजे आमच्या दुष्काळी सालातला एक बरा पाऊस त्याहून अधिक ठरावा. पण जे पडते ते जात नाही. हिवाळ्यात वारा त्या हिमाच्या नाजूक पाकळ्या जमिनीवरून लोळवतो, एकमेकींवर आपटून त्यांचे पीठ करतो, आणि ते पीठ इतके घट्ट दाबून बसवतो की त्यावर चालणाऱ्याच्या टाचेचा ठसाही नीट उमटत नाही. त्याच वाऱ्याने त्या कठीण पृष्ठावर वाहत्या दिशेने लांबच लांब कडा कोरलेल्या असतात, आपल्याकडच्या सरी-वरंब्यांसारख्या. रशियन भाषेतून आलेला 'सास्त्रुगी' हा शब्द ध्रुवप्रवासी त्यांच्यासाठी वापरतात. उन्हाळ्यात निराळेच काम सुरू होते. तिथला सूर्य मावळत नाही. वरचा थर किंचित ऊब धरतो. आणि पुढे थंडीची पहिली चाहूल लागून पृष्ठ झपाट्याने गार होते तेव्हाही खालच्या थरात ती ऊब रेंगाळत असते. या तफावतीमुळे खालच्या कणांतून वाफ निघते, वरच्या थंड भागाकडे सरकते आणि वाटेत पुन्हा स्फटिक होऊन बसते. मागे उरतो तो भरड साखरेसारखा, पोकळ, सैल थर. अशा रीतीने वर्षाला एक घट्ट आणि एक सैल, एक वाऱ्याचा आणि एक तापमानाचा, अशी पाने एकावर एक पडत जातात. पृष्ठभागाशी घनमीटरला तीनशे-साडेतीनशे किलो भरणारे हे हिम वरच्या भाराने दबत दबत साठ ते शंभर मीटर खोलीवर असे बंद होते की कणांमधली हवा बाहेर जाऊच शकत नाही. ज्या काळी ते दडपले गेले त्या काळची हवा, कुपीत अत्तर ठेवावे तशी, त्यात मोहोरबंद होऊन राहते.

ही पाने प्रथम चिकाटीने उलगडणाऱ्या माणसांत एर्न्स्ट सोर्गे याचे नाव मोठ्या आदराने घ्यावे लागते. १९३० च्या हिवाळ्यात ग्रीनलंडच्या हिमस्तराच्या ऐन मध्यावर, आल्फ्रेड वेगेनरच्या मोहिमेतले सोर्गेसह तीन शास्त्रज्ञ हिमातच खोदलेल्या खोलीत राहिले. त्यांना रसद पोहोचवून परत निघालेला वेगेनर वाटेत मृत्यू पावला, एका सोबत्याच्या पायाची थंडीने मेलेली बोटे साध्या चाकूने कापावी लागली, आणि अशा त्या काळरात्रीत सोर्गे रोज थोडे थोडे खणत पंधरा मीटर खोल विवर पाडत होता. विवराच्या भिंतीवरचा प्रत्येक थर तो मोजी, वजन करी आणि लिहून ठेवी. त्यातून त्याने मागल्या वीसेक वर्षांचा हिमपात थराथराने वाचला. आपत्तीच्या मध्यभागी बसून नोंद ठेवणारा हा मनुष्य मला आमच्याकडच्या जुन्या कुलकर्ण्यांच्या जातकुळीतला वाटतो, ज्यांनी पटकीच्या साथीतही गावचे दप्तर एक दिवस कोरे राहू दिले नाही. पुढे यंत्रांनी भोके पाडून बर्फाचे दांडे काढण्याची विद्या आली. अंटार्क्टिकातल्या वोस्तोक येथे १९८३ च्या जुलैत शून्याखाली ८९.२ अंश तापमान नोंदवले गेले. त्याच ठिकाणी साडेतीन किलोमीटरहून खोल भोक पाडून सुमारे चार लाख वर्षांचा, आणि अंटार्क्टिकातल्याच डोम सी येथे सव्वातीन किलोमीटर उतरून आठ लाख वर्षांचा वृत्तांत हाती आला. ग्रीनलंडच्या शिखरावर १८८९ साली काही काळ पृष्ठभाग वितळला होता. त्याचा पातळसा काचेरी थर शतकानंतरही जागच्या जागी सापडला, आणि तशीच घटना पुन्हा घडली ती २०१२ च्या जुलैत.

तरी या दप्तराचीही पाने गहाळ होतात. पूर्व अंटार्क्टिकात उंच पठारावरची थंड, जड हवा उतारावरून समुद्राकडे घसरत येते आणि कित्येक ठिकाणी इतक्या सातत्याने वाहते की पडलेले हिम तिथे टिकतच नाही. पृष्ठ घासून चकचकीत होते आणि कित्येक वर्षांची पानेच्या पाने नाहीशी होतात. लिहिणारा वारा आणि पाने फाडणारा वारा एकच, हे ज्याच्या ध्यानात राहील त्यानेच ते दप्तर वाचावे. वाऱ्याच्या या दुहेरी स्वभावाचा अनुभव आपल्या देशाच्या माणसांनीही घेतला आहे. १९८१ च्या ६ डिसेंबरला गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, १९८२ च्या ९ जानेवारीला अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ साली, 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या ओट्यावर उभे राहिले. नागपुरात जन्मलेल्या आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत याच मोहिमेत होत्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. परंतु उघड्या मैदानात काहीही उभे करा, वारा त्याच्या आडोशाला आपला भार टाकून जातो. काही वर्षांतच ठाणे हिमाखाली गडप होत गेले. १९८९ मध्ये शिर्माखर येथल्या खडकाळ भूमीवर 'मैत्री' उभारावे लागले आणि १९९० साली दक्षिण गंगोत्री सोडून द्यावी लागली. आपल्या मोहिमांनी आणलेले बर्फाचे दांडे आज गोव्यात, वास्को शहराच्या सडा भागातल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात, शून्याखाली वीस अंशांच्या कोठारात जपून ठेवलेले आहेत. बाहेर काजू-आंब्याची झाडे घामेजून उभी आणि आत हजारो वर्षांपूर्वीचे हिवाळे फळीवर ओळीने मांडलेले, हे चित्र मनात आले की मला अजूनही रोमांच उभे राहतात.

पण आमच्या मुलखात बर्फ टिकत नाही. तो पडतो, तास-दीड तासात मातीत जिरतो, आणि आपल्याबरोबर आपली साक्षही घेऊन जातो. तेव्हा जिथे बर्फाला स्वतःचे दप्तर ठेवता येत नाही तिथे ते माणसांनी ठेवणे प्राप्त होते. आणि या कामी पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडात आणि नागपूर प्रांतात गावोगाव एक मनुष्य नेमलेला असे, त्याचे नाव गारपगारी. शब्दाचा पूर्वार्ध उघड आहे. उत्तरार्धात कानाला ऐकू येतो तो 'पगार', जो पोर्तुगीजांकडून मराठीत आला. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होते, त्या वर्षी ते कंपनी सरकारकडे लावून दिले गेले. म्हणजे नांदेडचा आणि उमरखेड-पुसदचा शेतकरी तोवर एकाच धन्याची रयत होता, आणि गारेचा धाक तर नदीच्या दोन्ही थड्यांवर एकच.

गारपगारी हे मूळचे नाथपंथी जोगी. भगवी वस्त्रे आणि गळ्यात रुद्राक्षांची माळ असा त्यांचा वेश असे, आणि जोग्यांच्या रीतीप्रमाणे मृताला बसत्या स्थितीत समाधी देत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा जो ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात १९११ च्या खानेसुमारीनुसार त्यांची संख्या नऊ हजारांच्या आसपास दिली आहे, आणि त्यांच्या उत्पत्तीची एक कथाही नोंदवली आहे. राऊत नावाचा एक जोगी गावच्या कुणबी मालगुजाराबरोबर काशीला गेला असता, अमुक दिवशी आपल्या गावावर गारपीट होऊन सारे पीक बुडणार असे त्याने भाकीत केले. मालगुजाराने काकुळतीने उपाय विचारला. जोगी म्हणाला की साऱ्या गावावरची गार मी माझ्या एकट्याच्या शेतात ओढून घेईन. मात्र माझे जे नुकसान होईल ते गावाने भरून द्यावे. दोघे परतले तेव्हा गारपीट होऊन गेली होती, आणि ती सारी जोग्याच्या शेतात पडली होती. गावाने आपला शब्द पाळला, आणि तेव्हापासून तो आणि त्याचे वंशज गारपगारी झाले.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. हिच्यातला मंत्र बाजूला ठेवा. जे उरते ते असे, की आकाशातली आपत्ती कोणा एकाच्या शेतात उतरणार आणि तिची भरपाई साऱ्या गावाच्या सुगीतून होणार. परस्पर विम्याचा संपूर्ण विचार या पाच-सात वाक्यांच्या लोककथेत आहे. गार तर मुळी पट्ट्यानेच पडते. शिवाराच्या अलीकडे सर्वस्व बुडावे आणि ओढ्याच्या पलीकडे ताटही वाकू नये, हा तिचा स्वभाव ज्याने पाहिला त्यालाच ही कथा सुचू शकते.

गारपगाऱ्याचे काम मात्र कथेतल्याइतके सोपे नसे. रब्बी उभी असेतो त्याने आभाळावर पहारा ठेवायचा. रात्री धूर आणि ज्वाळा मिसळाव्यात तसे काळे-तांबडे आभाळ झाले की गार येणार, ही त्याची खूण. तशी खूण दिसली की तो तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही, ढग पांगवण्याची प्रार्थना करी. प्रार्थनेने भागले नाही तर अंगावरची वस्त्रे फेकून, मी इथेच प्राण देतो, असा निर्वाणीचा धाक देवाला घाली. कधी बायको-मुलांनाही देवापुढे उभे करी. पूर्वी तो स्वतःच्या अंगावर वार करून घेत असे असे सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ते बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर आले होते. या मोबदल्यात सुगीला मालगुजार आणि कुळे त्याला आपापला वाटा देत.

त्या रक्ताच्या थेंबाशी मी नेहमी अडखळतो. कारण पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने ग्रीसमधल्या क्लेओनाय नावाच्या नगराची हकीकत लिहून ठेवली आहे: तिथे गारेवर नजर ठेवण्यासाठी नगराने पहारेकरी नेमलेले असत, त्यांनी इशारा दिला की लोक घोंगड्या वा कातडी आच्छादने घ्यायला धावत नसत, तर ज्याला कोकरू परवडे तो कोकरू आणि ज्याला कोंबडी परवडे तो कोंबडी बळी देई, आणि ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नसे तो आपल्या बोटाला टोचून रक्त अर्पण करी. ढग मग दुसरीकडे वळतात, असा त्यांचा भरवसा. आणि पहारेकऱ्याच्या गफलतीने द्राक्षवेली झोडपल्या गेल्या तर त्याच्यावर खटला चाले. सेनेकाचा या प्रकारावर विश्वास नव्हता आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले. पण वऱ्हाडचा जोगी आणि ग्रीसचा पहारेकरी यांच्यामध्ये अठरा शतके आणि हजारो कोसांचे अंतर असूनही, उभे पीक आणि काळा ढग यांच्यामध्ये सापडलेल्या दरिद्री माणसाला द्यायला अखेर आपल्या बोटाचेच रक्त उरते, ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

म्हणून गारपगाऱ्याला अज्ञानाच्या रकान्यात टाकून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. युरोपात शतकानुशतके गारेचा ढग दिसला की देवळांतल्या घंटा वाजवीत. पुढे १८९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात आल्बर्ट श्टीगर नावाच्या नगराध्यक्षाने आकाशाकडे तोंड करून डागायच्या, कर्ण्यासारख्या नळ्यांच्या तोफा उभारल्या. द्राक्षमळ्यांतून त्या हजारोंच्या संख्येने पसरल्या, त्यांच्यासाठी परिषदा भरल्या, आणि काही वर्षांनी सरकारी प्रयोगांती त्यांचा उपयोग नाही असे ठरले. यंत्रयुगातल्या शहाण्यांनाही ढगावर काहीतरी फेकल्यावाचून राहवले नाही. आमच्या जोग्याने निदान फेकले ते स्वतःला.

गारेची लेखी स्मृती आमच्या प्रांतात महसुलाच्या दप्तरातून चालत आली. 'अस्मानी-सुलतानी' हा शब्द आपण आज कोणत्याही संकटाला लावतो, पण त्याचे मूळ कौल-कबुलायतीच्या कागदांत आहे. आभाळातून आलेली आफत आणि राजाकडून आलेली आफत, या दोन प्रसंगी रयतेला धाऱ्यात सूट मागण्याचा हक्क त्या दोन शब्दांनी बांधून दिलेला असे. अवर्षण सर्वांना दिसते. त्याची आणेवारी काढता येते. गारपिटीचे तसे नाही. गावाची सरासरी चांगली निघेल आणि त्याच गावातली दहा घरे उद्ध्वस्त झालेली असतील. म्हणून तिच्या बाबतीत शेतावर प्रत्यक्ष जाऊन पंचनामा करण्यावाचून गत्यंतर नाही. लोहा त्या काळी कंधार तालुक्यात होता. निजामाच्या अमदानीत १८८४ पासून सरकारी भाषा फारसीची उर्दू झाली, गावचा कुलकर्णी मात्र मोडीत मराठीच लिहीत राहिला, आणि कागदावर साल पडे ते फसली, ज्यात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, पुढे लोहा स्वतंत्र तालुका झाला; तालुकदार जाऊन कलेक्टर आला आणि कुलकर्णी जाऊन तलाठी; पण पंचनाम्याची वाक्ये जवळजवळ तशीच राहिली. मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक, पीक अमुक, क्षेत्र अमुक, नजरअंदाजे नुकसान इतके आणे, समक्ष पंच.

इकडे हवामान खात्याचा उदय १८७५ चा. त्याचे दुसरे प्रमुख जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या पंधरा वर्षांतल्या हिंदुस्थानातील गारपिटींचा अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या पंधरा वर्षांत १८८८ च्या ३० एप्रिलचा मुरादाबादचा प्रसंगही येतो, ज्यात गारांच्या माऱ्याने २४६ माणसे मेली. गारपिटीने झालेली याहून मोठी मनुष्यहानी जगात कुठे अधिकृतपणे नोंदलेली नाही. सरकारच्या दोन खात्यांपैकी एकाने आभाळाची आणि दुसऱ्याने शेताची नोंद ठेवली, आणि दोघांची भेट क्वचितच झाली, याची मला नेहमी खंत वाटते. कारण गार नेमकी त्या दोहोंच्या मधल्या जागेत घडते.

२०१४ साल आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही नवे होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, एक दिवस उघडीप आणि दोन दिवस मारा असे करीत, मराठवाड्यावर आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर गारपीट होत राहिली. शाळू काळा पडला, हरभरा शेतातच फुटला, आंब्याचा मोहोर मातीत मिसळला. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, जी पीकविमा योजना देशभर सुरू झाली तिच्यात गारपिटीला स्थानिक आपत्ती म्हणून निराळे स्थान मिळाले, आणि नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावे असा नियम ठेवला गेला. एका शेतावर पडलेली गार साऱ्यांच्या वर्गणीतून भरून काढायची, ही राऊत जोग्याची कल्पना, त्याची कथा ग्रंथात छापली गेल्यापासून शंभर वर्षांनी, अशा रीतीने सरकारी ठरावात आली. त्याचे नाव त्या ठरावात कुठे असण्याचे कारण नव्हते, पण ते मला आठवले.

त्या २०१४ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी मीही ओसरीवरून उतरलो. आजोबांचा पानाचा डबा अजून आमच्याकडे आहे. गार अंगणातून उचलली, अडकित्ता कडक झाला होता तो दोनदा उघडझाप करून सैल केला, आणि मधोमध कातरून कंदिलासमोर धरली. गाभा दुधी, मग निर्मळ, मग दुधी, मग निर्मळ, बाहेर पांढरी साल. पुतण्याने मोबाईलवर छायाचित्र घेईतो तिची एक कड ढासळली होती. दोन दिवसांनी तलाठी आणि ग्रामसेवक चिखल तुडवीत शेजारच्या शेतात आले. पंच म्हणून मला बोलावले होते. भुईसपाट झालेल्या गव्हात उभे राहून त्यांनी गट नंबर लिहिला, पीक लिहिले, क्षेत्र लिहिले, टक्केवारी लिहिली, आणि कागद सहीसाठी माझ्याकडे दिला. मी सही केली, आणि सहीखाली थोडी जागा उरली होती तिथे लिहिले: गार लिंबाएवढी, पापुद्रे पाच.